आखाजी आता बारमाही

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळीवर आमरस पडतो, आणि जेवणं उरकली की गावातली पुरुषमंडळी सावलीत गोणपाट अंथरून पत्ते पिसायला बसतात. दोन दिवस, फार तर तीन. नानांच्या खिशातले पाचशे आप्पांच्या खिशात जातात, दुसऱ्या दिवशी त्यातले तीनशे परत येतात. मग सालदाराचं नवं साल ठरतं, शेतीची कामं निघतात आणि पत्ते पुन्हा कपाटावर जातात.

किती मागासलेली पद्धत! वर्षातून तीनच दिवस बरबाद व्हायची सोय, तीही ओळखीच्या माणसांकडून, आणि पैसा फिरून गावातच. एखाद्याला मनापासून कंगाल व्हायचं असेल तर त्या बिचाऱ्याने जावं कुठे? आता मात्र प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि आखाजी बारमाही झाली आहे, एकदम बागायती. मोबाइलवरच्या कॅसिनोच्या या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या भावांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून हा लेख. माझी पात्रता विचाराल तर मागच्या हिवाळ्यात ठिबकच्या नळ्यांसाठी बाजूला ठेवलेले अठरा हजार. ते कसे गेले ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज काढून टाका. कॅसिनोवाला लबाडी करतो असं म्हणून हळहळणारे लोक भेटतात. करणारे करतातही. पण खानदानी कॅसिनोला लबाडीची गरजच पडत नाही. रूलेटचं चाक घ्या. त्यावर ० ते ३६ असे ३७ खण, शून्य सोडून निम्मे लाल, निम्मे काळे. तुमच्या खणात गोळी थांबली तर रुपयाला ३५ रुपये, शिवाय लावलेला रुपया परत, म्हणजे हातात ३६. आता ३७ च्या ३७ खणांवर एकेक रुपया ठेवून बघा. घातले ३७, आले ३६. गोळी कुठेही पडो, एक रुपया घराचा. शेकड्याला २.७० एवढाच. अमेरिकन चाकावर शून्य आणि जोडशून्य असे ३८ खण असतात आणि देणं मात्र तेच, म्हणून तिथे घराचा वाटा ५.२६ टक्के. दोन्ही चाकं समोर असली तर तुम्ही अमेरिकन निवडा. आपण कशात मागे राहायचं नाही.

हा हिशोब पारावर सांगितला तेव्हा नाना हसले. ‘याच्याहून जास्त तर आमची आडत कापतात रे.’ नानांचं बरोबर आहे. आपल्या जुन्या खायवालाशी, म्हणजे आकड्यावर पैसे लावून घेणाऱ्याशी, तुलना केली तर कॅसिनोवाला संत ठरतो. आकडा म्हणजे तसा आपल्या कापसाचाच पोरगा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता भाव आणि बंद भाव मुंबईत कळायचा, त्यावर लोक पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. भावांची ती वाट बंद झाली तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले आणि मटका हे नाव पडलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत, १९६४ मध्ये रतन खत्री, हा इतिहास टपरीवरच्या कुठल्याही जाणत्याला पाठ असतो. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. जोड्या शंभर, लागली तर रुपयाला नव्वद. म्हणजे शंभरातले दहा खायवालाचे. खातो म्हणून तर खायवाल.

मग दहा खाणारा खायवाल वाईट आणि शंभरातले चारच खाणारा मोबाइल चांगला? इथेच गंमत आहे, आणि या लेखातलं एवढंच जरी लक्षात ठेवलंत तरी तुमचं नुकसान पक्कं. खायवालाकडे दिवसातून दोनदा दहा-दहा रुपये लावले तर सरासरी दोन रुपये जातात. दिवसाला दोन. उरलेला वेळ माणूस शेतात असतो नाहीतर चहा पीत असतो. मोबाइलवरच्या स्लॉटवर, म्हणजे चित्रं जुळवायच्या जुगारावर, अंगठा मारला की चित्रं फिरतात, थांबतात, पुन्हा अंगठा. मिनिटाला दहा वेळा सहज होतं. दहा रुपयांच्या हिशोबाने तासाला ६०० वेळा, म्हणजे ६,००० रुपयांची उलाढाल. ‘९६ टक्के परतावा’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातले चार टक्के, २४० रुपये, दर तासाला घराचे. निंदायला येणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी साधारण इतकीच बसते. तिला वाकावं तरी लागतं.

हा ९६ टक्के शब्द फार गोड आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर घेऊन गेलो तर ९६ घेऊन परत येणार, चार रुपयांत करमणूक. भाऊ, ते ९६ दर फिरकीला. शंभराचे ९६, त्या ९६ चे पुन्हा ९६ टक्के, आणि तुम्ही उठेपर्यंत हेच. पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारखं आहे: गळती थोडीच, पण रात्रभर.

आता तंत्राकडे वळू. आत कोणी माणूस बसलेला नाही. एक प्रोग्राम सेकंदाला ढिगाने आकडे काढत असतो, तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी हाती आलेला आकडा तुमचा. चित्रं फिरतात, घंटा वाजतात, ती नुसती वरात. लग्न आधीच लागलेलं असतं. या प्रोग्रामला स्मरण नसतं. मागच्या वेळी काय निघालं ते त्याला ठाऊक नाही. म्हणून खेळणाऱ्याने वही घालावी. आमच्या एका शेजाऱ्याच्या पोराची वही मी पाहिली आहे, दोनशे पानी, लाल-निळ्या शाईत, मागचे सगळे आकडे तारीखवार. इतक्या मन लावून त्याने दहावीची वही घातली नव्हती. ‘काका, लाल सहा वेळा आलंय, आता काळंच.’ मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री काळा सलग २६ वेळा आला होता. पंधराव्यापासून लोक लालवर ओतत होते, ‘आता तरी’ म्हणून. त्या चाकालाही स्मरण नव्हतं.

वहीने भागलं नाही तर दुपटीची युक्ती आहे. शंभर लावा, हरलात तर दोनशे, मग चारशे. एकदा जिंकलात की सगळं वसूल आणि वर शंभर नफा. युक्तीत खोट काहीच नाही, फक्त सलग दहा वेळा हरलात तर तोवर १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या खेपेला १,०२,४०० लावायचे असतात, ते त्याच शंभर रुपयांच्या नफ्यासाठी. लाल-काळ्यावर शंभरापासून साधारण आठशे वेळा सुरुवात केली की त्यात एकदा सलग दहा हार येते. तुम्ही रोज चार तास बसणार असाल तर ओळख व्हायला फार दिवस लागणार नाहीत. शिवाय एका डावाला किती लावता येतात याची हद्द घराने आधीच आखलेली असते. बांध कुठे घालायचा हे त्यांना शेतकऱ्यापेक्षा जास्त कळतं.

स्वागताच्या बोनसला नाही म्हणू नका. हजार भरा, हजार वर फुकट. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतं की भरलेली रक्कम आणि बोनस मिळून तीस वेळा खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दोन हजार गुणिले तीस, साठ हजार. साठ हजारांवर चार टक्क्यांनी चोवीसशे. म्हणजे दोन हजार हातात घेऊन चोवीसशे रुपये हरायच्या रस्त्याला लागायचं, आणि पलीकडच्या टोकाला काही उरलं तर ते तुमचं. इतक्या मोकळ्या मनाने आमच्याकडे पाहुण्याला जेवायला वाढतात, पण पाहुण्याची बैलजोडी ठेवून घेत नाहीत.

पैसे भरायला क्यूआर कोड येतो. दर वेळी नाव वेगळं: कधी कुठलं किराणा दुकान, कधी कुण्या ताईंचं खातं. ही भाड्याने घेतलेली खाती. भरणा तीन सेकंदांत होतो. काढायला गेलात की मात्र कॅसिनोला अचानक शिस्त आठवते. आधार, पॅन, चेहऱ्याचा फोटो, मग ‘पडताळणी सुरू आहे’. तक्रार करायची तर अशा कित्येक कंपन्यांचा परवाना कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ नावाच्या बेटाचा असतो. क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या चाळीसगाव तालुक्याहून लहान. भुसावळहून सगळीकडे गाडी मिळते असं आपण अभिमानाने सांगतो. तिथली मिळाली तर मलाही कळवा.

कायद्याला उगाच भिऊ नका. १८६७ चा इंग्रजांचा जुगार कायदा आहे, आपल्याकडे १८८७ चा मुंबईचा आहे, आणि ते दोन्ही पत्ते, फासे आणि अड्ड्याच्या खोलीसाठी लिहिलेले. कॅसिनोला परवानगी देणारा एक कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, सत्तेचाळीस वर्षं तो अंमलात न आणता जपून ठेवला आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि मग २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावायच्या अशा सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो बळी. सरकारने आपल्याला इतक्या नेमक्या शब्दात ओळखल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही. बंदीनंतर नावाजलेली दुकानं मिटली. कुरासाओवाल्यांपर्यंत ती बातमी पोचली नसावी, कारण लिंक अजून येतात.

बकासुराला आपल्या एरंडोलकडे रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस लागायचा म्हणतात. पण त्याच्याकडे निदान घरागणिक पाळी होती. इथे पाळी नाही, ज्याची त्याने गाडी जुंपायची.

वेळ कुठली निवडावी, हे मी अनुभवावरून सांगतो. रात्रीची लाईट. ज्याने शेतात कधी थ्री फेजची वाट बघितलेली नाही त्याला हे कळणार नाही. केळीत पाणी द्यायचं आहे, लाईट बाराला येणार असं म्हटलंय, म्हणजे दोनला येईल. ऑटो स्विच महिन्यापूर्वी जळालेला. तुम्ही पंपाच्या खोलीत पोत्यावर, अंगावर घोंगडी, दिवे विझलेले, बाहेर कोल्हे. झोपलात तर लाईट येऊन जाईल. आणि हातात फोन. कॅसिनोने आपल्या वेळेचा अभ्यास कृषी विद्यापीठापेक्षा जास्त केला असावा.

माझा खेळ विमानाचा होता. विमान उडतं, शेजारी आकडा वाढत जातो, १.२, १.५, १.९, ते पळून जायच्या आत पैसे काढायचे. जिथे ९७ टक्के परतावा जाहीर केलेला असतो तिथे विमान दुपटीपर्यंत टिकायची शक्यता ४८.५ टक्के असते, हे मला नंतर गणित मांडल्यावर कळलं. त्या रात्री मला फक्त माझा अंगठा कळत होता. पाचशेचे बत्तीसशे झाले. मी मनात ठिबकच्या नळ्यांशिवाय ठिबकमधून खत सोडायची एक व्हेंच्युरीसुद्धा घेऊन टाकली. मग पुढची तीन विमानं एकच्या जरा वर जाऊन पळाली, चौथ्यावर मी थांबलो नाही, आणि नळ्यांचे पैसे ज्या खात्यात होते ते खातं याच फोनला जोडलेलं होतं.

शेजारच्या मळ्यातले आप्पा बॅटरी घेऊन दारात आले. ‘काबर रे भो, लाईट ईसन दोन घंटा व्हयी ग्यात, मोटर चालू नही करी?’ मी वर पाहिलं. स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लाल जळत होते. माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. आप्पांनीच बटण दाबलं. पाणी निम्म्या केळीला गेलं आणि सहाला लाईट गेली. आप्पांना मी सांगितलं, डोळा लागला होता.

सगळं संपल्यावर करायचं काय, असं काही जण विचारतात. निराश होऊ नका. पैसा गेला तरी तुमच्याकडे एक भांडवल उरतं, ओळखीची माणसं. लिंक पाठवा. जो तुमच्या लिंकवरून येईल त्याच्यामागे तुम्हाला बक्षीस. आपल्याकडे नातेवाईक काय कमी आहेत?

परवा पाचोऱ्याहून भाच्याचा फोन आला. आवाज अगदी हळू, बहुतेक गच्चीवर जाऊन बोलत होता.

‘मामा, माझे एक्केचाळीस हजार निघालेत. पण अडकलेत. कर म्हणून तीन हजार भरले की सोडतात म्हणे. तुम्ही फोन पे करता का?’

‘आईला सांगितलंस?’

‘तिला सांगू नका.’

‘कुठलं अ‍ॅप आहे रे? तुला लिंक दिली कोणी?’

जरा वेळ तो काही बोललाच नाही.

‘मामा, तुम्हीच दिली ना, दिवाळीत. तुम्हाला माझ्यामागे दीडशे मिळाले असतील की.’

मिळाले होते. पण ते काढायच्या आधी तीस वेळा फिरवायचे होते.