कॅडिलॅकची पत कुणी कमावली?

वाद पेटवला पक्यानं. २०२६च्या मोसमापासून फॉर्म्युला वनमध्ये अकरावा संघ, आणि तो कॅडिलॅकचा, एवढं मोबाइलवर वाचून तो म्हणाला, "म्हाताऱ्यांची गाडी ती. सोफ्याला चाकं लावल्यासारखी. तिचं शर्यतीत काय काम?"

पक्या जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. बॉनेट न उघडता भाव सांगतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. पण हे वाक्य त्यानं अण्णांसमोर काढायला नको होतं. अण्णांनी भोसरीच्या टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढली आहेत. मी मायक्रोमीटर धरायला शिकलो तो त्यांच्या हाताखाली. त्यांनी चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला.

"पक्या, स्लिप गेज माहीत आहे?"

"तुमच्या लाकडी पेटीतले चकचकीत तुकडे ना? हात लावू द्यायचा नाहीत तुम्ही."

"तेच. मापं ताडून बघायचे ठोकळे. अमेरिकेत ते सगळ्यात आधी ज्यांनी मागवले त्यांत कॅडिलॅक होती. शंभराहून जास्त वर्षं झाली. सोफा म्हणतोस तिला!"

मास्तर हसले. ते इतिहास शिकवायचे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची सुरुवात सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. डेट्रॉइट ज्यानं १७०१ मध्ये वसवलं त्या फ्रेंच माणसाचं नाव आंत्वान द ला मोथ कादिलाक. दोनशे वर्षांनी त्याच गावात हेन्री फोर्डनं भागीदारांशी वाद घालून आपली तेव्हाची कंपनी सोडली. मागे राहिलेल्या भागीदारांनी कारखाना विकून मोकळं व्हायचं ठरवलं आणि यंत्रसामग्रीची किंमत काढायला हेन्री लेलँड नावाच्या माणसाला बोलावलं. लेलँडनं किंमत तर काढलीच, वर सांगितलं की विकू नका, माझ्याकडे एक इंजिन आहे, त्यावर गाडी काढा. १९०२ मध्ये तीच कंपनी कॅडिलॅक झाली.

"लेलँड कुठून आलेला?" अण्णांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते माझ्या तोंडून त्यांना पक्याला ऐकवायचं होतं.

मी सांगितलं. लेलँड आधी बंदुका-पिस्तुलं बनवणाऱ्या कोल्टच्या कारखान्यात होता, मग ब्राउन अँड शार्पमध्ये. ब्राउन अँड शार्प म्हणजे मोजमापाच्या हत्यारांतलं घराण्याचं नाव. त्या काळी मोटार म्हणजे कानस घेऊन बसवायची वस्तू. भाग यायचा, बसायचा नाही, फिटर तो घासून-घासून बसवायचा. म्हणून एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला चालायचा नाही. लेलँडला हे मान्य नव्हतं. भाग घासावा लागला तर तो भाग चुकलेला, असं तो मानायचा.

"आणि मग ब्रुकलँड्स," अण्णा म्हणाले.

१९०८ ची गोष्ट. लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं परीक्षा घेतली. कॅडिलॅकच्या एकाच मॉडेलच्या तीन गाड्या, साध्या, एका सिलिंडरच्या. आधी चालवून पाहिल्या. मग तिन्ही पार सोडवल्या. नट न् बोल्ट वेगळा. सगळ्या भागांचा एकच ढीग केला, कालवला, कुठला भाग कुठल्या गाडीचा हे कळायची सोय ठेवली नाही. त्यावर क्लबच्या लोकांनी सगळ्यात नाजूक फिटिंगचे ऐंशीहून जास्त भाग ढिगातून काढून घेतले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले सुटे भाग टाकले. मेकॅनिकना पाने आणि स्क्रू ड्रायव्हर दिले. कानस नाही. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या राहिल्या, अंगावर एकमेकींचे रंग घेऊन, आणि ट्रॅकवर प्रत्येकी ५०० मैल धावल्या. क्लबनं त्यासाठी ड्यूअर ट्रॉफी दिली. अमेरिकन गाडीला ती पहिल्यांदाच मिळत होती. 'जगाचं प्रमाण' हे बिरुद कॅडिलॅकनं लावलं ते ह्या जोरावर.

इथे मला थांबवत नाही. मी रोज तपासणीच्या टेबलावर बसतो. शंभर जॉब, म्हणजे यंत्रावर बनवलेले भाग, सारखे काढणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. १९०८ मध्ये, तेव्हाच्या यंत्रांवर, हे केलेलं वाचलं की अजून अंगावर काटा येतो.

"पत अशी कमवायची असते," अण्णा म्हणाले. "लेथवर."

पक्यानं ऐकून घेतलं, पण हलला नाही. "अण्णा, तुमचं खरं. पण माझ्याकडे गाडी घ्यायला येणारा माणूस टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते विचारत नाही. तो विचारतो, ही कोण वापरतं. पत गिऱ्हाईक देतं. चांगली इंजिनं तर पॅकार्डचीही होती. कुठे आहे पॅकार्ड?"

मुद्दा सोपा नव्हता. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या श्रीमंतांची पहिली पसंती पॅकार्ड होती. मंदीत तिनं १९३५ मध्ये स्वस्त मॉडेल काढलं, जीव वाचला, पण वरच्या लोकांच्या मनातून ती हळूहळू उतरली आणि १९५८ नंतर नावच संपलं. अण्णा म्हणाले, "तेच सांगतोय मी, स्वस्तात उतरली म्हणून." पक्या म्हणाला, "नाही, गिऱ्हाईक सोडून गेलं म्हणून." दोघं एकच गोष्ट दोन टोकांनी ओढत होते.

तेव्हा मास्तरांनी निकोलस ड्रेस्टाटची गोष्ट काढली. ही व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांनी लिहून ठेवली आहे. मंदीच्या तळाला जनरल मोटर्स कॅडिलॅक बंद करायच्या विचारात होती. कॅडिलॅक तोवर जनरल मोटर्सकडे येऊन दोन तपं होत आली होती, १९०९ पासून. ड्रेस्टाट सर्व्हिस विभागाचा प्रमुख. गाड्या दुरुस्तीला यायच्या तिथे त्याला दिसलं की बरेच मालक काळे आहेत, डॉक्टर, मुष्टियोद्धे, गाणारे. आणि कंपनीचं धोरण होतं काळ्या माणसाला कॅडिलॅक विकायची नाही! मग गाड्या आल्या कुठून? एखाद्या गोऱ्याला वरचे पैसे देऊन त्याच्या नावावर घेतलेल्या. ड्रेस्टाटनं वरिष्ठांसमोर जाऊन सांगितलं की जे लोक जादा पैसे मोजून आपली गाडी घेतात त्यांना आपण दारातून परत का पाठवतो? धोरण बदललं. १९३४ मध्ये तो कॅडिलॅकचा प्रमुख झाला.

"एका गिऱ्हाइकामुळे कंपनी वाचली असं मी म्हणणार नाही," मास्तर म्हणाले. "ड्रेस्टाटनं खर्चही खूप कापला होता. पण पुढचं ऐका. १९४९ मध्ये 'एबनी' ह्या काळ्या वाचकांच्या मासिकानं यावर संपादकीय लिहिलं. काळा माणूस कॅडिलॅक का घेतो? ज्या वस्तीत घर हवं तिथे त्याला घर मिळत नाही, चांगल्या हॉटेलात जागा नाही. मग आपण कुणापेक्षा कमी नाही, हे त्यानं दाखवायचं कशानं? एबनीनं त्या गाडीला समतेच्या लढ्यातलं शस्त्र म्हटलं."

कट्टा गप्प झाला. इथल्या कुणालाही हे समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. पायात वहाण घालून गावातून जाणं हीसुद्धा कुणासाठी एकेकाळी लढाई होती. मी मनानं अण्णांच्या बाजूचा होतो, पण इथे मला पक्याचं पटलं. डेट्रॉइटच्या कारखान्यानं गाडी बनवली, तिला हा अर्थ मात्र कारखान्यानं दिला नव्हता. ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांनी दिला.

पण अण्णा अण्णा आहेत. बराच वेळ ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्या माणसांना रात्री वाटेत कुठं थांबता यायचं का?"

"बऱ्याच गावांत नाही. कुठे उतरायला मिळेल याची त्यांच्यासाठी १९३६ पासून पुस्तिका निघायची."

"मग त्यांना न बंद पडणारी गाडी लागत होती. नुसती मिरवायला नाही. त्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी लेथवरची पतच विकत घेतली की!"

पक्यानं मान डोलावली. त्याच्याकडून एवढं मिळणंही पुष्कळ.

पुढची वीस वर्षं आम्ही भराभर ओलांडली. लढाऊ विमानावरून सुचलेले मागचे पंख १९४८ मध्ये आले आणि वाढत-वाढत १९५९ मध्ये कुठल्या कुठे गेले. एल्विस प्रेसलीची गुलाबी कॅडिलॅक सगळ्यांना माहीत असते. पक्याच्या डोक्यातला सोफा तो हाच. पण १९५० मध्ये दोन कॅडिलॅक फ्रान्सच्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या आणि दहाव्या-अकराव्या आल्या, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं. त्यातली एक जवळजवळ जशी दुकानात मिळायची तशी होती.

मग १९८० चं दशक. इथे अण्णांचा आवाज खरोखर उतरला. १९८१ मध्ये आठ सिलिंडरचं असं इंजिन काढलं की जोर कमी लागला तर त्याचे सहा किंवा चारच चालावेत. "कल्पना एकदम बरोबर," अण्णा म्हणाले. "आज कितीतरी गाड्यांत तेच आहे. पण ते सांभाळणारा कॉम्प्युटर तेव्हा तेवढा तयार नव्हता. जॉब तयार नसताना गेटबाहेर पाठवला." गाडी धक्के खायची, वैतागून लोक ती यंत्रणा तोडून टाकायचे. त्याच्या पुढच्या वर्षी अॅल्युमिनियम ब्लॉकचं नवं इंजिन आलं, तेही बदनाम झालं. आणि १९८२ ची सिमरॉन! शेव्हर्ले कॅव्हेलियर ही साधी छोटी गाडी, तिला चामड्याच्या सीट आणि कॅडिलॅकचा बिल्ला. ज्या कंपनीची सुरुवात भाग मोजण्यापासून झाली तिनं फक्त बिल्ला बदलला. १९८८ पर्यंत ती रडतखडत चालली. १९८९ मध्ये टोयोटानं लेक्सस ही आलिशान गाडी आणली तेव्हा कॅडिलॅकचं गिऱ्हाईक साठी ओलांडत होतं आणि त्यांची मुलं जर्मन गाड्या बघत होती.

"लेथवर कमावलेली लेथवरच घालवली," अण्णा म्हणाले.

"थांबा," पक्या पुढे सरकला. इतका वेळ तो याचीच वाट बघत होता. "मग एस्कलेडचं काय? १९९८ मध्ये कॅडिलॅकनं तीच लबाडी परत केली. जनरल मोटर्सचीच जीएमसी युकॉन ही मोठी एसयूव्ही, तिला कॅडिलॅकचा बिल्ला. ती का चालली? रॅपवाल्यांनी उचलली, खेळाडूंनी उचलली, म्हातारी कंपनी तरणी झाली. बिल्ला तोच, लबाडी तीच. फरक फक्त गिऱ्हाइकाचा!"

हा त्याचा सगळ्यात जोरकस मुद्दा होता, आणि मला वाटतं आमच्यापैकी कुणीही तो पुरता खोडला नाही. अण्णा म्हणाले की युकॉन मुळात दणकट, तिच्या कामाला चोख. कॅव्हेलियर कॅडिलॅकच्या कामाची नव्हतीच. अर्ध मला पटलं. उरलेलं अर्ध पक्याचं आहे. १९३० च्या दशकात ज्यांना गाडी नाकारली त्यांच्या नातवंडांच्या पिढीनं ह्या कंपनीला दुसऱ्यांदा हात दिला, असं मला मनापासून वाटतं.

पण नुसत्या बिल्ल्यावर त्यांनाही राहता आलं नाही, हे मी पक्याला ऐकवलं. २००८ मध्ये सीटीएस-व्ही ही चार दरवाजांची गाडी जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या ट्रॅकची एक फेरी ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत मारून आली. चालवणारा त्यांचाच इंजिनियर, जॉन हाइनरिसी. पुन्हा घड्याळ लावून, दुसऱ्याच्या ट्रॅकवर, ब्रुकलँड्ससारखं. फॉर्म्युला वनमध्येही तेच करायला निघालेत. आमच्या काळात भारतात त्यांनी गाडी विकायला आणलीच नाही. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातून शेव्हर्ले निघाल्या, कॅडिलॅक कधीच नाही. त्यामुळे आमच्यापैकी कुणी ती चालवलेली नाही. तरी दोन तास भांडलो.

ऊन कट्ट्यावर आलं. उठता उठता पक्याच म्हणाला, "त्या तीन गाड्यांचं पुढं काय झालं?"

"त्यातली एक क्लबनं कुलपात ठेवली," मी सांगितलं. "काही महिन्यांनी २००० मैलांची मोठी चाचणी होती. तेव्हा कुलूप काढलं, तशीच उतरवली. तिच्या गटात जिंकली."

अण्णा चपला शोधत होते, ते थांबले. "मधल्या काळात कॅडिलॅकच्या माणसानं हात नाही लावला?"

"क्लबच्या ताब्यात होती."

"हां," अण्णा म्हणाले आणि चपला पायात सरकवल्या.