पानिपतावर ‘गद्दार कोण?’ विचारणाऱ्यांना

‘या एका चुकीमुळे बुडालं पानिपत!’ ‘रणातून पळाला तो गद्दार कोण? नाव ऐकून हादराल!’ जानेवारी उजाडला की असले मथळे फिरायला लागतात. मला त्यांची मनापासून चीड येते.

एक चूक? ऑक्टोबर १७६० मध्ये मराठे दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपतजवळ दुथडी भरलेली यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. तिथून १४ जानेवारी १७६१ पर्यंत छावणी पानिपतातच अडकली. फौज होतीच, शिवाय बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. एवढ्या तोंडांना दाणा आणायचा कुठून? गंगा-यमुनेमधल्या दुआबात अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तीही आशा संपली. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सरदारांनी सेनापती सदाशिवरावभाऊंना सांगितलं. हे लिहून ठेवलंय काशीराज पंडिताने, आणि तो तर अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरचा, म्हणजे समोरच्या छावणीतला माणूस! भुकेवर व्हिडिओ चालत नाही, म्हणून एका माणसाला पुढे ओढायचं.

बहुतेक वेळा ते मल्हारराव होळकर असतात. मग कमेंटमध्ये जातीवरून शिवीगाळ सुरू. ज्या छावणीत सगळ्या जातींची माणसं एकत्र उपाशी राहिली, तिच्यावरून आपण एकमेकांची जात काढतो. लाज वाटते हो वाचताना.

नानासाहेब पेशव्यांना पोचलेला सावकारी भाषेतला तो निरोप आपण शाळेपासून ऐकतो: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. आमचे मथळे अजून मोती-मोहरांपाशीच घुटमळतायत. खुर्द्यात गेलेला बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार, त्याच्यामागे गावाकडे राहिलेलं घर, त्यांच्यावर कोण बोलणार?

आणि भरतपूरचा सूरजमल जाट. ‘त्याचा सल्ला ऐकला असता तर!’ एवढ्यापुरताच तो दिसतो. भाऊंशी पटलं नाही म्हणून तो लढाईआधीच निघून गेला होता. पण पानिपतातून जीव वाचवून आलेले त्याच्या मुलखात पोचले, तेव्हा त्यांना अन्न, कपडे, आसरा त्यानेच दिला. अब्दालीचा रोष ओढवेल हे दिसत असूनही दिला.

व्हिडिओ करणाऱ्यांनो, मथळा हवाच असेल तर लिहा: ‘साथ सोडून गेलेल्या सूरजमलनेच वाचलेल्या मराठ्यांना जेवू घातलं’. यातला शब्दन् शब्द खरा आहे. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघेन आणि चार जणांना पाठवेनही.