भारतातली नोंदणी चीनमध्ये चालत नाही: एका फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला, ‘मावशी, हे वाच. वकिलाची गरजच नाही.’ खाली चीनमध्ये माल बनवून घेताना नक्कल कशी टाळायची ते सांगणारा तोच फॉरवर्ड, जो याआधी दोन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी सोडून दिला होता. या वेळी सोडणार नाही. भाच्याने दोन वर्षं खपून हाताने फिरवायच्या पुरणयंत्राची नवी रचना केली आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळी ड्रॉइंग चीनमधल्या निंगबो या बंदराच्या शहरातल्या एका कारखान्याला मेल करणार होता. मी १९ वर्षं आयातीची कागदपत्रं बघते आहे. असल्या सल्ल्यांनी माणसं कशी अडकतात, ते मी पाहिलं आहे.

फॉरवर्डमध्ये पाच ‘युक्त्या’ आहेत. नाव आणि डिझाइन भारतात नोंदवा, माल भारतातच विकायचा असेल तर चीनमध्ये नोंदणी म्हणजे पैसे पाण्यात. कारखान्याकडून एनडीएवर, म्हणजे गुपित न फोडण्याच्या करारावर, सही घ्या. डायचे, म्हणजे भाग बनवायच्या साच्याचे, पैसे तुम्ही दिले की डाय तुमची. तारखेचा पुरावा म्हणून ड्रॉइंग स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पाकीट बंद ठेवा. एक महत्त्वाचा भाग इथेच बनवा.

पहिलीच युक्ती सगळ्यात घातक आहे. ट्रेडमार्क (मालाचं नाव किंवा चिन्ह), डिझाइन, पेटंट हे हक्क ज्या देशाने दिले त्या देशापुरतेच असतात. आणि चीनमध्ये ट्रेडमार्क सर्वसाधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याला मिळतो, आधी वापरणाऱ्याला नाही. तुमचं नाव तुम्ही तिथे नोंदवलं नाही आणि कारखानदाराने किंवा मधल्या दलालाने नोंदवलं, तर तिथे ते त्याचं. ‘असू दे, आपल्याला कुठे तिथे विकायचंय?’ असं भाचाही म्हणाला. पण चीनचं कस्टम्स ट्रेडमार्कसाठी आत येणाऱ्या मालाबरोबर बाहेर जाणारा मालही अडवतं.

यावर चीनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा होंडा खटल्यातला निकाल वाचावा. चीनमधल्या एका कंपनीने म्यानमारच्या ग्राहकासाठी ‘होंडाकिट’ नावाने मोटरसायकलचा माल बनवला. सगळा माल म्यानमारला जाणार होता, चीनमध्ये एक नगही विकायचा नव्हता. म्यानमारच्या ग्राहकाकडे तिथल्या नोंदणीचा कागदही होता. तरी माल कस्टम्सने अडवला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन होंडा जिंकली. माल फक्त निर्यातीसाठी आहे एवढ्यावर सूट नाही आणि दुसऱ्या देशातली नोंदणी चीनमध्ये बचाव ठरत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. होंडाचा हक्क खराच होता, हे मला माहीत आहे. पण तुमचं नाव तिथे दुसऱ्याने नोंदवलं असेल, तर कायद्याच्या दृष्टीने होंडाच्या जागी तो बसतो आणि तुमच्या पैशाने बनलेला, तुमच्याच नावाचा कंटेनर निंगबोच्या बंदरात उभा राहतो. वाईट हेतूने केलेली नोंदणी रद्द करून घेता येते, पण तोवर दिवाळी निघून जाते. ॲपललाही चीनमधल्या ‘आयपॅड’ या नावासाठी २०१२मध्ये ६ कोटी डॉलर मोजावे लागले होते.

आणि हे टाळणं अवघड नाही. एकाच अर्जावर अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची जी माद्रिद व्यवस्था आहे, तिच्यात भारत २०१३पासून आहे, त्यामुळे इथल्याच अर्जाच्या आधारावर चीनसाठी ट्रेडमार्क मागता येतो. डिझाइनसाठी ती सोय नाही. चीनमध्ये वेगळा अर्ज करावा लागतो आणि इथल्या अर्जाची तारीख तिथे धरली जावी म्हणून तो भारतातल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आणि भारतातला पहिला अर्ज वस्तू प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर दाखवण्याआधीच करावा, कारण दोन्ही देशांत डिझाइन नवं असावं लागतं.

भारतातली नोंदणी निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणत नाही. २००७च्या नियमांनुसार ती आपल्या कस्टम्सकडे नोंदवली, तर नकली माल न्हावा शेवाला अडवता येतो. तेवढ्यापुरती युक्ती खरी आहे.

एनडीएचं बघा. भाच्याने नेटवरून उतरवलेल्या इंग्रजी मसुद्यात शेवटी ‘पुणे न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ असं होतं. पुण्याच्या निकालाची निंगबोत अंमलबजावणी कोण करणार? भारत आणि चीनमध्ये एकमेकांचे दिवाणी निकाल राबवण्याचा करार नाही. शिवाय एनडीए फक्त ‘सांगू नका’ म्हणतो. कारखान्याला कुणाला सांगायची गरजच नसते, तो स्वतःच बनवून विकतो. म्हणून करारात तीन गोष्टी हव्यात: सांगणार नाही, स्वतः वापरणार नाही, तुम्हाला वगळून तुमच्या ग्राहकाकडे जाणार नाही. करार चिनी भाषेत, कंपनीच्या परवान्यावरच्या चिनी नावाने, कंपनीच्या अधिकृत शिक्क्यासह हवा. मोडला तर किती रक्कम द्यायची, तो आकडा त्यातच हवा. वाद तिथल्या न्यायालयात किंवा लवादाकडे न्यावा. लवादाचे निवाडे परदेशात राबवण्याच्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत.

डायचे पैसे दिल्याने वादात ती तुमची ठरेलच असं नाही. मालकी करारात लिहा, डायवर नाव आणि नंबर कोरून घ्या आणि मागितल्यावर ती बाहेर द्यायची अट घाला.

पोस्टाच्या पाकिटाने कुठलाही हक्क मिळत नाही. ‘ड्रॉइंगवर कॉपीराइट असतोच की’ म्हणणाऱ्यांनी आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ वाचावं. नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याचे ५०पेक्षा जास्त नग कारखान्यात निघाले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. भाच्याची पहिलीच ऑर्डर २,००० नगांची आहे.

पाचवी युक्ती बरोबर आहे, हे मान्य करावं लागतं. पुरणयंत्राची जाळी भोसरीत बनवायची आणि बाकीचे भाग तिकडून आणायचे, हे शहाणपणाचं आहे. पण वस्तू दुकानात आली की कुणीही विकत घेऊन जाळी मोजू शकतो. यातून थोडा वेळ मिळतो, एवढंच.

ड्रॉइंगचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. सोमवारी आधी इथला ट्रेडमार्कचा अर्ज, मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये, आणि त्याच आठवड्यात डिझाइनचा. कारखान्याची सेल्सची मुलगी रोज ड्रॉइंग मागते आहे. तिला भाच्याने काल कळवलं, ‘चिनी भाषेतला करार पाठवतो आहोत. त्यावर शिक्का मारून पाठवा, मग ड्रॉइंग.’