चाळिशीनंतर बास्केटबॉल खेळाचा आहे? मग हे नियम पाठ करा

पोट बेल्टावर आलं, डॉक्टरनं शुगर सांगितली, आणि म्हणून तुम्ही सकाळी साडेपाचला कॉलेजच्या ग्राउंडवर येऊन राहिले, लय चांगलं केलं बाप्पा. फक्त यूट्यूबवर नियम पाहून येऊ नका. २४ सेकंदात शॉट मारा, रिंगखालच्या चौकोनात ३ सेकंदांवर थांबू नका, हे सारं ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी. आपल्याकडं एक सर रिंगखाली उभे राहतात ते दूधवाला येऊन जाईपर्यंत हलत नाहीत, अन् त्यांना हटकाल कसे, तुमच्या पोराचे प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हाती.

मग येते ट्रॅव्हलिंग, म्हणजे टप्पा न देता बॉल घेऊन पळणं. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या पीटीच्या मास्तरनं हा खेळ काढला, तवा त्याच्या १३ नियमांत टप्पे देत पळाची भानगडच नव्हती, बॉल घेऊन पळाचंच नाही, जिथं धरला तिथूनच फेकाचा. आमच्या सोसायटीच्या माजी अध्यक्षांनी यातला अर्धाच भाग मनावर घेतला, ते टप्पा देत नाहीत. पळतात मात्र. सात पावलं, कधी आठ, एकदा तर बॉल काखेत दाबून फोन घेतला, खताचा भाव विचारला अन् बोलता बोलता ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन माराचा शॉट, टाकला. तुम्ही "ट्रॅव्हल" म्हणून ओरडले का संपलं, बॉल त्यांचा आहे, घरी घेऊन जातात.

पुस्तकात ५ फाऊल झाले का माणूस बाहेर. इथं मोजते कोण! इथं फाऊल ठरतो शॉट हुकल्यावर. बॉल आत गेला तर "काय टाकला भाऊ", नाही गेला तर "हात मारला न बे!" हात मारणारा तिकडं बुटाची लेस बांधत होता, ते जाऊ द्या. तुम्ही एवढंच शिका, आधी रिंगकडं पाहाचं, मग मनगट धरून ओरडाचं. उलटं केलं का लोकांना डाऊट येते. ३ पॉइंटची रेघ ६.७५ मीटरवर होती म्हणतात, ती मागच्या पावसाळ्यात धुऊन गेली, आता फक्त शॉट मारणाऱ्याला दिसते.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं का अर्ध्या कोर्टावर वाळत राहते, तवा हाफ कोर्ट खेळाचं. बॉल सोयाबीनमध्ये गेला तर आऊट, पण ज्याचं सोयाबीन तो आपल्या टीममध्ये असंल तर आऊट नाही.

टाइम म्हणाल तर १० मिनिटांचे ४ क्वार्टर वगैरे काही नाही, नळ आले का मॅच खतम. अन् जो पुढं असंल त्याच्याच घरून फोन येते का नळ आले म्हणून, हे कसं काय ते मी दोन वर्षांपासून पाहून राहिलो.

नेस्मिथच्या टायमाला रिंग नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या, बूड असलेल्या, बॉल शिडी लावून काढत. आपल्याकडं रिंगला जाळीसुद्धा नाही तरी बॉल अडकते, रिंग अन् बोर्डाच्या मधात. शिडी नाही. चप्पल फेकाची. माझी डावी परवापासून तिथंच आहे, उद्या येताना एक बांबू आणजा.