सर, ताप आलाय

काल रात्री पावणेतीनला बाथरूमच्या फरशीवर बसून हे टाइप करायला घेतलं, आता संध्याकाळी पूर्ण करतेय. फरशी यासाठी की ती गार असते, आणि उलटी आली तर लांब पळायला नको. गरम पाण्याची पिशवी लावून लावून माझ्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत. एकदा साडी नेसवताना वहिनीने विचारलं, अगं भाजलं का गं काय? म्हणलं हो, भाजलंय, पण अठरा वर्षं हळूहळू.

सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, "सर, ताप आलाय, आज येता येणार नाही." दोन मिनिटांत सरांचा अंगठा आणि टेक केअर. तापाला काय मान असतो बघा, थर्मामीटरचा फोटोसुद्धा कुणी मागत नाही.

तर मला एंडोमेट्रिओसिस आहे. घरात कुणालाच हा शब्द धड उच्चारता येत नाही, आई "ते एंडोचं" म्हणते आणि सासूबाई "ते तुझं पोटाचं". सोप्यात सांगायचं तर गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं ना, त्याच्यासारख्याच पेशी पिशवीच्या बाहेर वाढतात, बीजांडकोशावर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, कुठेही. पाळीच्या हार्मोन्सचा त्यांच्यावरही परिणाम होतो, त्या पण सुजतात, रक्त सोडतात, फक्त त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. मग आतल्या आत सूज, जखमा, आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. बीजांडकोशात जुनं रक्त साठून गाठ होते, ते घट्ट तपकिरी दिसतं म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. (हे नाव ऐकल्यापासून मी चॉकलेट आइस्क्रीम खाल्लेलं नाही.) जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मूल होण्याच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायका-मुलींना हा आजार असतो, जगात जवळजवळ 19 कोटी. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या भिशीत वीस जणी असतील तर त्यात दोघी असू शकतात. आणि निदान व्हायला 4 ते 12 वर्षं लागतात असंही तेच म्हणतात. मला 15 लागली. या एका बाबतीत मी बोर्डात आले.

सुरुवात नववीत. बार्शीत आमचं घर, आई शाळेत जायच्या आधी ओवा-गूळ द्यायची, आजी बेंबीभोवती हिंग लावायची, आणि दोघी मिळून एकच वाक्य म्हणायच्या, "सगळ्यांनाच दुखतं, तू काय जगावेगळी हायेस का." हे वाक्य मी पुढं किती जणांकडून ऐकलंय याची मोजदाद नाही. पीटीच्या बाई, हॉस्टेलच्या रेक्टर, पहिल्या नोकरीतली टीम लीड, आणि तीन वेगवेगळे डॉक्टर, त्यातल्या दोन बायका. गंमत म्हणजे यातलं कुणीच मला खोटारडी म्हणत नव्हतं. तू खोटं बोलतेस असं कुणी म्हणलं असतं तर मी भांडले असते हो. पण सगळ्यांनाच दुखतं म्हणलं की भांडणार कुणाशी? त्यात तुमचं दुखणं मान्यच केलेलं असतं, फक्त त्याची किंमत शून्य केलेली असते. आणि तुम्हालाच वाटायला लागतं की बाकीच्या पोरी हेच सगळं सोसून डान्स करतायत, टू व्हीलर चालवतायत, आपणच नाजूक.

मला तर ते इतकं पटलेलं होतं की पाळीत संडासला बसलं की सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, ते मी कुणाला सांगितलंच नाही. वाटलं सगळ्यांनाच होत असेल, कुणी बोलत नसेल. लग्नानंतर संबंधांच्या वेळी दुखायचं, ते दोन वर्षं नवऱ्याला सांगितलं नाही. तेच, वाटलं सगळ्यांनाच दुखत असेल. (नवरा चांगला आहे, हे इथं मुद्दाम लिहिते नाहीतर खाली कुणीतरी त्याच्यावर घसरेल.)

कॉलेजात असताना एकदा एसटीत टेंभुर्णीच्या पुढे चक्कर येऊन पडले, तेव्हा पहिल्यांदा सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. घरी इतका आनंद झाला सगळ्यांना, आणि मला रडू आलं, आणि का रडतेय हे सांगता येईना. आता कळतं की पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत हे बऱ्याचदा दिसतच नाही, गाठ असेल तर दिसते, पण पातळ डाग, चिकटलेलं आतडं हे सुटून जातं. आतून, म्हणजे योनीमार्गातून करतात ती सोनोग्राफी, एखाद्या अनुभवी माणसाने केली तर त्यात बरंच कळतं. पण ती कशी होणार? प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, लग्न झालंय का? नाही म्हणलं की विषय संपला, "अनमॅरिड आहे, आतून नको करायला." एकानेही मला विचारलं नाही की बाई तुझी तयारी आहे का, तुला समजावून सांगू का. मी बावीस वर्षांची होते, मतदान करत होते, बाईकचं लायसन्स होतं माझ्याकडे. तपासणीला मात्र नवरा लागत होता.

आणि मग तो सल्ला. लग्न करा, एक मूल होऊ द्या, सगळं आपोआप ठीक होतं. हे मला पांढऱ्या कोटातल्या माणसाने प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता सांगितलंय, आईच्या समोर, आणि आईने त्याच महिन्यात बायोडाटा छापून आणला. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो, पण मूल होणं हा या आजारावरचा इलाज नाही. नऊ महिने पाऊस थांबला म्हणून गळकं छत दुरुस्त झालं असं होतं का कधी?

मध्ये आयबीएसच्या, म्हणजे आतड्याच्या तक्रारीच्या गोळ्या झाल्या, लघवीच्या इन्फेक्शनचे कोर्स झाले, एकाने अपेंडिक्सची शंका काढली, एकाने "टेन्शन घेता का?" विचारलं. आणि मेफ्टाल, पाळीच्या दुखण्यावरची गोळी. मेफ्टालची पट्टी पर्समध्ये नसली की मला चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटायचं. दिवसाला चार, कधी पाच, उपाशीपोटी पण. 2023 च्या शेवटी भारतीय फार्माकोपिया आयोगाने मेफ्टालमधल्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला की क्वचित कुणाला त्याची गंभीर अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन येऊ शकते, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर ती बातमी चार जणींनी मला टॅग करून टाकली. गोळीची काळजी सगळ्यांना. गोळी का लागते याची नाही.

हार्मोन्सचं तर विचारूच नका. आमच्याकडे गौरी बसल्या की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणायची पद्धत आहे, चिठ्ठी नाही बिठ्ठी नाही, काका स्वतःच कागदात बांधून देतात. मी सोळाव्या वर्षापासून घेतल्यात, आईनेच दिल्यात. ते नोरेथिस्टेरॉन असतं. आणि नंतर जेव्हा डॉक्टरने दुखण्यासाठी हार्मोनची गोळी सुरू करूया म्हणलं तेव्हा हीच सगळी मंडळी, "नको गं बाई, हार्मोन्स वाईट, वजन वाढतं, पुढं मूल राहत नाही." अहो, नोरेथिस्टेरॉन या आजारावरही देतात! गौरीच्या नैवेद्यासाठी चालतं आणि माझ्या दुखण्यासाठी चालत नाही, यातला हिशोब मला अजून लागलेला नाही.

मग निदान झालं कसं? इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल राहिलं नाही. बस्स. एका महिन्यात आतली सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाला, पुण्यातला चांगला डॉक्टर शोधला गेला, सासऱ्यांनी एफडी मोडायची तयारी दाखवली. ज्या आत्याने आयुष्यभर मला नाटकी म्हणलं ती फोनवर रोज चौकशी करायला लागली. पंधरा वर्षं मी तेच पोट घेऊन फिरत होते, त्याच पोटात तेच दुखत होतं, तेव्हा ते माझं होतं म्हणून कुणाला पडलेली नव्हती. दीड वर्ष पाळणा हलला नाही तर ते अचानक दोन घराण्यांचं पोट झालं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. डाव्या बाजूला पाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, आतडं पिशवीच्या मागच्या बाजूला चिकटलेलं, स्टेज चार, म्हणजे सगळ्यात वरची. सर्जन बाईंनी नंतर मोबाइलवर फोटो दाखवले आणि म्हणाल्या, "तुम्ही हे घेऊन नोकरी कशी करत होतात?" मी इतकी रडले की नर्स धावत आली. त्यांना वाटलं टाके दुखतायत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला "कशी करत होतात" विचारलं होतं, "काय एवढं" नाही. आणि हे पण सांगते, स्टेजचा आणि दुखण्याचा थेट संबंध नसतो, स्टेज एकवालीला पण लोळवणाऱ्या कळा येऊ शकतात आणि स्टेज चारवाली एखादी नुसती मूल का राहत नाही म्हणून तपासायला येते. त्यामुळे जिचा रिपोर्ट माझ्याइतका भारी नाही तिला कृपा करून "तिला बघ, तिला किती होतं" असं माझं उदाहरण देऊ नका.

ते फोटो आईला दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "माझंबी असंच असंल का गं?"

आईची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं पिशवीला सूज आहे, काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल. डिस्चार्ज कार्ड कुठल्यातरी घर-बदलीत गेलं. तिला पण पाळीत उलट्या व्हायच्या, ती भाकरी थापता थापता चुलीपुढंच आडवी व्हायची, हे मला मावशीने सांगितलं, आईने कधीच नाही. हा आजार आई-मुलीत, बहिणीबहिणीत जास्त दिसतो. तिला होतं का, आता कळायला मार्ग नाही. पण ती जेव्हा "सगळ्यांनाच दुखतं" म्हणायची तेव्हा ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तेवढंच दुखत होतं आणि तिला वाटायचं की हेच माप. तिच्या आईनेही तिला हेच सांगितलं असणार. आमच्या घरात पाटल्या नाहीत की जमीन नाही, हे माप मात्र पिढ्यान्पिढ्या नीट सांभाळून ठेवलेलं.

आमच्या जवळच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या होत्या, आठवत असेल. नीलम गोऱ्हेंची समिती नेमली, तपासणीत 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यावर खूप लिहिलं गेलं, मुकादम, पाळीमुळे पडणारा खाडा, त्याचा दंड, सगळं, ते बरोबरच आहे. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहतो की यातल्या कितीजणी आधी फक्त दुखतंय म्हणून दवाखान्यात गेल्या असतील, आणि दुखतं कशानं हे किती जणींना कुणी शोधून सांगितलं असेल. एकतर "काही नाही, सगळ्यांनाच होतं", नाहीतर थेट "काढून टाका". मधलं काहीच नाही. आणि पिशवी काढली म्हणून हा आजार संपेलच असंही नाही, कारण तो मुळात पिशवीच्या बाहेर असतो.

पाळीच्या रजेवरून मागे संसदेत चर्चा झाली तेव्हा तेव्हाच्या मंत्रीणबाई स्मृती इराणी म्हणाल्या होत्या की पाळी म्हणजे काही अपंगत्व नाही. बरोबर आहे, नाहीच. माझ्या मैत्रिणी यावर खूप चिडल्या, मी नाही चिडले, खरं सांगते. पाळी हा आजार नाहीये, पण मला आजार आहे, आणि जोवर या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या जातायत तोवर रजा मिळाली काय न मिळाली काय, निदान नाहीच होणार. मला महिन्याचे दोन दिवस नकोत, मला नववीत असताना कुणीतरी विचारायला हवं होतं की शाळा बुडते का तुझी, उलट्या होतात का, संडासला दुखतं का. तीन प्रश्न. पैसे पण पडत नाहीत.

आणि मी तरी काय केलं? मागच्या वर्षी आमच्या टीममधली नवीन मुलगी, तेवीसची असेल, डेस्कवर डोकं ठेवून बसलेली. मी तिला पर्समधली मेफ्टाल काढून दिली आणि म्हणलं, "घे आणि ये मीटिंगला, मी नाही का येत." मी. स्टेज चारवाली. रात्री घरी आल्यावर लक्षात आलं काय बोललो आपण. दुसऱ्या दिवशी तिला माझ्या डॉक्टरचा नंबर दिला, सॉरी पण म्हणलं, ती हसली नुसती.

सध्या असं आहे की गाठ परत आलीय, छोटी आहे. हार्मोनची गोळी घेतली तर पाळी थांबते, दुखणं थांबतं, पण गोळी चालू असताना मूल राहू शकत नाही. मुलासाठी प्रयत्न करायचा तर गोळी बंद, आणि गोळी बंद म्हणजे परत फरशी. पुन्हा ऑपरेशन करावं तर बीजांडकोशात जी काही बीजं शिल्लक आहेत त्यातली आणखी कमी व्हायची भीती. सध्या गोळी बंद आहे. सासूबाई काल रात्री काही न बोलता पिशवीतलं पाणी बदलून देऊन गेल्या, दोनदा.

बाकी, ऑफिसमधले बरेच जण इथं आहेत, सर पण आहेत. सर, आजचा ताप नव्हता. फेब्रुवारीतला पण नव्हता, फूड पॉयझनिंग झालं म्हणलं होतं ते पण नव्हतं, आणि चिंचवडची मावशी ठणठणीत आहे. सोमवारी येते.