मी सोडलेला गॅस अजून वर आहे

आज १६ सप्टेंबर, ओझोन दिन. शाळाशाळांत चित्रकला स्पर्धा होतील, पृथ्वीवर छत्री धरलेली चित्रं येतील. मुलांनी ती जरूर काढावीत. मला आज दुसरंच लिहायचंय, आणि ते लिहायचं मी बरीच वर्षं टाळलंय. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

मी फ्रिज मेकॅनिक. सांगलीत दुकान आहे. १९८३ साली आयटीआय करून एका वस्तादांच्या हाताखाली लागलो. त्यांची पहिली शिकवण अशी, की गेज लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक म्हणणार "गॅस गेलाय". आपण मान डोलवायची आणि आधी दाब मोजायचा गेज लावायचा. काटा काय सांगतो ते बघून मग बोलायचं.

त्या काळी घरगुती फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. त्याला वास नाही, रंग नाही, तो पेट घेत नाही. फ्रिज दुकानात आला की कॉम्प्रेसरची प्रोसेस ट्यूब कापायची, आत उरलेला गॅस फस्सकन निघून जायचा. गळती शोधायला हॅलाइड टॉर्च. तिची ज्योत निळसर असते, पण जोडावरून नळी फिरवताना जिथे गॅस गळतोय तिथे ती एकदम हिरवी होते. पहिल्यांदा ती हिरवी ज्योत बघितली तेव्हा मला जादूच वाटली होती. मग ब्रेझिंग करून जोड सांधायचा, मग लाइनमधली हवा काढायला थोडा गॅस भरून सोडून द्यायचा, परत भरायचा. कॉम्प्रेसर जळलेला असेल तर आर-११ने लाइन धुवायची. तोही शेवटी हवेतच. सगळे असंच करत होते. हे चुकीचं आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

२००५च्या सुमारास आमच्यासारख्या मेकॅनिकसाठी सरकारी ट्रेनिंग झालं. आर-१२ वरचा ओझोनचा थर खातो म्हणून बंद होणार, नवे गॅस कसे हाताळायचे, जुना गॅस मशिनने काढून सिलिंडरमध्ये कसा घ्यायचा, वगैरे. तिथे शिकवणारे सर सहज बोलून गेले की आर-१२ हवेत शंभर वर्षं टिकतो. मी घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो. वर्षाला दोनशे कामं धरली, कामाला सोडण्या-धुण्यात दोनशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला चाळीस किलो. वीस वर्षांचे आठशे किलो. हा सगळा एका माणसाच्या हातून गेलेला गॅस. शंभर वर्षं हे सरासरी आयुर्मान, त्या हिशोबाने १९८५ साली मी सोडलेल्या दर शंभर ग्रॅमपैकी पासष्ट-सत्तर ग्रॅम आज, तुम्ही हे वाचताय त्या क्षणी, वर आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून या विषयावर मराठी-इंग्रजीत जे मिळेल ते वाचत आलोय.

वाचता वाचता माझं लक्ष ओझोनपेक्षा तो मोजणाऱ्या माणसांकडेच जास्त गेलं. कारण प्रश्न साधा आहे. वास नसलेला, रंग नसलेला गॅस आभाळात किती साचलाय हे कळलं कसं? तिथे गेज कुणी लावला?

जेम्स लव्हलॉक नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९७१-७२ साली स्वतः बनवलेलं उपकरण घेऊन 'शॅकल्टन' जहाजावर चढले आणि इंग्लंडपासून अंटार्क्टिकाच्या दिशेने जाता जाता हवा तपासत गेले. जिथे ना कारखाना ना फ्रिज, तिथल्या हवेतही आर-११ सापडला. लाख कोटी रेणूंमागे पन्नासच्या आसपास, म्हणजे नसल्यातच जमा, पण सगळीकडे. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी पुढचं कोडं सोडवलं. हे गॅस खाली कशानेच नष्ट होत नाहीत, हळूहळू वर पोचतात, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतात, आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडतो. पण हे कागदावर होतं. कंपन्या म्हणत होत्या, पुरावा दाखवा.

पुरावा आला तो अंटार्क्टिकावरच्या हॅली बे या ब्रिटिश तळावरून. तिथे १९५६-५७पासून डॉब्सन उपकरणाने रोज ओझोन मोजत होते. वरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून शून्य अंशाला पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. यालाच तीनशे डॉब्सन एकक म्हणतात. एवढ्याशा थरावर आपण जगतोय. हॅलीला ऑक्टोबरचा आकडा वर्षानुवर्षं तीनशेच्या आसपास असायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो घसरायला लागला. जोनाथन शँकलिन हा तरुण तेव्हा जुने हाताने लिहिलेले तक्ते संगणकात भरत होता. या मोजणीचे प्रमुख जो फारमन यांना आधी उपकरणच बिघडलंय असं वाटलं. दुसरं उपकरण नेलं, तेही तेच सांगू लागलं. १९८४ पर्यंत आकडा दोनशेच्या खाली आला होता. मे १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा लेख छापून आला आणि जग हादरलं.

अमेरिकेचा उपग्रह १९७८ पासून वरून बघत होता. त्यालाही कमी आकडे मिळाले होते. पण १८०च्या खालचा आकडा येणं शक्य नाही असं धरून त्या नोंदींवर संशयाची खूण पडत होती, आणि त्या तपासून होईपर्यंत हॅलीचा लेख आला. मेकॅनिक म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. काटा नको तिथे गेला की आपण पहिल्यांदा गेजवर शंका घेतो. ती घ्यायलाच हवी, पण शंका आली म्हणून आकडा टाकून द्यायचा नसतो. आणि मुख्य म्हणजे, हॅलीला आधीची वीसेक वर्षं कंटाळवाणे, एकसारखे आकडे कुणीतरी लिहून ठेवले नसते, तर १९८४ सालचा आकडा कशाच्या तुलनेत कमी म्हणणार होतो?

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १६ सप्टेंबर १९८७ला ओझोन खाणारे गॅस आवरण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. १९९०च्या लंडन बैठकीत गरीब देशांना खर्च भरून द्यायचं ठरलं, १९९२ साली भारत करारात आला. २०१० पासून जगभर सीएफसी, म्हणजे आर-११, आर-१२च्या घराण्यातले गॅस, बनवणं बंद. 'ओझोनचा प्रश्न सुटला' असं लोक म्हणतात ते इथपर्यंतच्या जोरावर.

खरी परीक्षा त्याच्यानंतर झाली.

सीएफसी-११, म्हणजे आमचा लाइन धुवायचा आर-११, फ्रिजच्या भिंतीतलं पफ, म्हणजे फोम, फुगवायलाही वापरत. उत्पादन बंद झाल्यावर हवेतलं त्याचं प्रमाण दर वर्षी ठराविक वेगाने उतरायला हवं होतं, आणि तसं ते उतरतही होतं. पण अमेरिकेच्या नोआ या हवा-समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या स्टीफन मॉन्ट्झ्का आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की २०१२ नंतर उतार मंदावलाय. वाढ नव्हती, नुसता उताराचा वेग निम्म्यावर आला होता. मे २०१८ मध्ये त्यांनी छापलं, की कुठेतरी, बहुधा पूर्व आशियात, वर्षाला तेरा हजार टनांच्या आसपास जास्तीचा सीएफसी-११ सुटतोय. साऱ्या जगाने शून्य उत्पादन कागदावर दाखवलेलं असताना!

मग दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान केंद्र आणि जपानच्या हातेरुमा बेटावरचं केंद्र यांच्या नोंदी काढल्या. चीनकडून वारा आला की सीएफसी-११चे उंचवटे, समुद्राकडून आला की सपाट. वाऱ्याचा माग काढत काढत २०१९ साली मॅट रिग्बी आणि त्यांच्या गटाने दाखवलं की वर्षाला सात हजार टनांची वाढ पूर्व चीनमधून, मुख्यतः शांडोंग आणि हबेई प्रांतांतून होतेय. फोमच्या कारखान्यांत चोरून वापर चालला होता. चीन सरकारने कारवाई केली आणि २०२१च्या लेखांत दिसलं की उत्सर्जन परत खाली आलं.

मी हे वाचलं तेव्हा मला माझी हॅलाइड टॉर्च आठवली. जगाच्या एका कोपऱ्यात जोडाशी ज्योत हिरवी झाली आणि गळती सापडली. सगळ्या सह्या-शिक्क्यांपेक्षा बेटावरची ती पंपाची नळी खरी ठरली. पण नीट बघा, ती सापडली कारण वाऱ्याच्या वाटेत नेमकी दोन केंद्रं होती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आपला दक्षिण आशिया यांच्यावर अशा केंद्रांची नजर फार विरळ आहे. तेरा हजार टनांतला सगळा वाटा त्या दोन प्रांतांच्या नावावर लागलाच नाही. उरलेला कुठला, हे सांगायला तिकडे गेज नव्हता.

माझं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. रोज मोजण्याचं काम थांबता कामा नये, आणि आपल्याकडे तर ते वाढायला हवं.

थांबलं की काय होतं ते सांगतो. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाखांत ३१५च्या आसपास, आज ४२०च्या पुढे. तो आलेख शाळेच्या पुस्तकातही असतो. त्यात १९६४च्या सुरुवातीला काही महिन्यांची मोकळी जागा आहे. अमेरिकी सरकारने पैसे कापले म्हणून माणसं कमी झाली, आणि मोजणी बंद पडली. साठ वर्षं झाली, ती जागा तशीच आहे. कितीही पैसे ओता, १९६४च्या मार्चमधली हवा परत मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच डोंगराने लाव्हा ओकला, रस्ता आणि वीज गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच शेजारच्या मौना केआ डोंगरावर यंत्रं लावली आणि मोजणी पुढे चालू ठेवली. ज्वालामुखीशी झगडून त्यांनी नोंद वाचवली, आणि २०२५ साली त्याच अमेरिकेच्या सरकारने अर्थसंकल्पात या प्रयोगशाळांचा पैसाच काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला. हे वाचून संताप आला. आजही लिहिताना येतोय.

आपल्या घराजवळचंही उदाहरण आहे. गोव्यात काणकोणकडे काब द रामचा किल्ला आहे, तुमच्यातले बरेच जण जाऊन फोटो काढून आले असतील. त्या कड्यावर १९९३ पासून अहमदाबादची पीआरएल आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ या दोन संशोधन संस्था मिळून काचेच्या बाटल्यांत हवा भरायच्या आणि ऑस्ट्रेलियात तपासायच्या. जागा किती विचार करून निवडली बघा. पावसाळ्यात तिथे समुद्रावरून, पार विषुववृत्तापलीकडून आलेली स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात वारा फिरला की आपल्या जमिनीवरची. एकाच कड्यावर उभं राहून जगाचा श्वासही मोजता येतो आणि भारताचाही. २००२ मध्ये त्या नोंदीत खंड पडला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९च्या सुमारास सिंहगडावर बाटल्या भरायला सुरुवात केली, याचा आनंद आहे. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

खंड म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. ट्रेनिंगनंतर मी काढलेल्या गॅसची वही ठेवायला लागलो. तारीख, फ्रिजचं मॉडेल, किती ग्रॅम निघाला. २०१९च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि आधीच्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला. नवी वही सुरू केली, पण आता कुणी विचारलं की पहिल्या दहा वर्षांत किती गॅस वाचवलास, तर मला अंदाजच सांगावा लागतो.

आपल्या लोकांना हे काम जमत नाही असं कुणी म्हणू नये. डॉब्सन यांनी १९२८-२९ साली जगभर पाठवलेल्या उपकरणांपैकी एक कोडाईकनालला होतं. भौतिकशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांच्याबरोबर करंदीकर, कुलकर्णी ही नावं चाळीस-पन्नासच्या दशकातल्या ओझोनवरच्या शोधनिबंधांत आहेत. पुण्यात शिवाजीनगरचं सिमला ऑफिस सगळ्यांना माहीत आहे, निदान बसथांबा म्हणून तरी. तिथल्या हवामान खात्यात शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांनी देशी उपकरणं बनवण्याचं काम उभं केलं आणि साठच्या दशकात भारताचा स्वतःचा ओझोनसाँड तयार झाला. फुग्याला बांधलेला छोटासा पंप हवा ओढतो आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून सोडतो. ओझोनमुळे त्यात जेवढा प्रवाह निर्माण होतो, तेवढा रेडिओने खाली कळतो. तीस किलोमीटर उंचीवर, उणे सत्तर अंशांतून जाताना चालणारा पंप! मी आयुष्यभर पंप आणि कॉम्प्रेसर उघडलेत, मला त्या कामाची किंमत कळते.

ओझोनचा थर १९८० सालच्या पातळीवर यायला अंटार्क्टिकावर साधारण २०६६ उजाडेल, असा २०२२च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. म्हणजे अजून चाळीस वर्षं रोज कुणीतरी मोजायला हवं. दरम्यान २००४ साली पाच-सहा वर्षांसाठी सोडलेला, ओझोन आणि वरची हवा मोजणारा ऑरा उपग्रह म्हातारा झालाय. आणि आमच्या धंद्यात नवे गॅस आलेत. आर-३२सारख्या गॅसने ओझोन फाटत नाही, पण हे गॅस उष्णता धरून ठेवतात. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ पासून अशा गॅसच्या वापरातली वाढ रोखायची आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. आपले कागद खरे की खोटे हे दुसऱ्या देशाच्या बेटावरून कुणी सांगण्याआधी आपल्याच कड्यावरून आपल्याला कळायला नको का? काब द राम, सिंहगड, कोडाईकनाल इथे प्रकल्पाच्या मुदतीवर नाही, तर हवामान खात्याच्या पर्जन्यमापकासारखी कायमची मोजणी हवी. खासदारांना मी पत्र लिहिलंय. तुम्हीही लिहा.

परवा विश्रामबागेतून एक जुना फ्रिज भंगारात चालला होता, मी मागून घेतला. आत अजून आर-१२ होता. मशीन लावून काढला, पंचाऐंशी ग्रॅम भरला. वहीत लिहिला. दुकानाच्या कोपऱ्यात असा गोळा केलेला गॅस दोन सिलिंडर भरून आहे. तो नीट नष्ट करायला द्यायचा तर एवढा थोडा माल घ्यायला कुणी तयार नाही, मी तीन ठिकाणी विचारून झालंय. कुणाला माहिती असेल तर कमेंटमध्ये सांगा. तोवर व्हॉल्व्हला टोप्या घट्ट लावून ठेवल्यात, आणि दर सोमवारी साबणाचा फेस लावून बघतो.