‘बाळाची सर्दी २४ तासांत गायब’? असलं काही करू नका!

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, बाळाचं नाक चोंदलंय, दूध ओढता येत नाहीये. त्या मेसेजमधलं करून बघू का?” बाळ नऊ महिन्यांचं. ‘बाळाची सर्दी २४ तासांत गायब’ हा मेसेज तिला एकाच दिवशी सासूबाईंकडून, शेजारणीकडून आणि आमच्याच मावशीकडून आला होता. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यांत भयंकर सल्ला त्यात असा आहे: ‘घरात मोठ्यांचं सर्दीचं सिरप असेल तर अर्धा चमचा द्या, बाळ रात्रभर शांत झोपेल.’ अहो, ती झोप नाही, गुंगी आहे! मी बहिणीला फ्रिजवरची बाटली घ्यायला लावली आणि टॉर्च धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. क्लोरफेनिरामिन, फेनिलएफ्रिन ही सर्दीची औषधं आणि खाली इशारा: चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. हा इशारा छापायला लावणारा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वच्छ सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नका, विकूही नका. पाच वर्षांखालीही ती सहसा नकोतच, कारण मुलांचा बहुतेक खोकला औषधाशिवाय बरा होतो.

हे पत्रक कशानंतर आलं ते आठवा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपनंतर मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, वीसहून जास्त. कित्येकांना धावपळ करत नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, म्हणजे दोष भेसळीचा, हे मान्य. पण बाळाला ज्याची गरजच नाही ते त्याच्या घशाखाली का घालायचं?

‘कापराची पुरचुंडी झबल्याला बांधा.’ नऊ महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. थोडासा कापूर पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात. पुरचुंडी आधीच बांधलेली होती, ती मी फोन चालू असतानाच सोडायला लावली.

‘मधाचं बोट चाटवा.’ वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जिवाणूंची विषबाधा, होऊ शकतो. वर्षावरच्या मुलांना झोपताना चमचाभर मधाने खोकल्याला आराम पडतो. मेसेजमधलं अर्धंमुर्धं खरं आहे ते एवढंच.

‘शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक सुरू करा.’ सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. पांढऱ्या पेशी कामाला लागल्या की शेंबूड पिवळा-हिरवा होतोच. पाकिटावर उभी लाल रेघ आहे ना? ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

पातेल्यातली वाफही बाळाला देऊ नका, पोरं भाजतात.

मग करायचं काय? पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे (औषधाच्या दुकानात मिळणारे, मिठाच्या पाण्याचे) थेंब, मग थोडं थोडं, पण वारंवार दूध. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि साधारण सात ते दहा दिवसांत उतरते. खोकला त्यापुढेही रेंगाळतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, किंवा बाळ दूधच घेईना, तर उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी तसंच.

बहिणीने फोनच्या घड्याळावर दोनदा मोजले. ३८ आणि ४०. थेंब घातल्यावर दहा मिनिटांनी बाळ दूध प्यायलं.